भातात रोवलेली उदबत्ती

ताई, आज मी त्या बंगल्यात तुमच्या नावानं खोटं बोलले. वांगसाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "मंगलताई किधर?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गाँव गयी है." त्यांनी पुन्हा विचारलं, "कब आयेगी?" मी म्हटलं, "आयेगी," आणि कांद्याची पात पुढ्यात ओढून चिरायला लागले. डोळे पुसायला काहीतरी निमित्त हवं होतं. पातीनं डोळ्यांत पाणी येत नाही, हे नंतर लक्षात आलं.

खोटं बोलणं हा तुमचा प्रांत. सोसायटीचे चेअरमनसाहेब फाटकाशी येऊन आज आत काय शिजतंय म्हणून विचारायचे, तेव्हा मासळीचा वास गल्लीभर सुटलेला असताना तुम्ही पदर खोचून सांगायच्या, "पिठलं." मला ते कधी जमलं नाही. मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात, असं तुम्हीच म्हणायच्या. आज सबंध दुपार मी डोक्यावरचा स्कार्फ काढला नाही.

तुमचा दहावा अजून व्हायचा आहे. कासारवाडीच्या घरात तुमच्या जागी दिवा तेवतोय आणि तुमचे मालक, दादा, त्याच्यापासून हलत नाहीत. वाऱ्याची झुळूक आली तरी हात आडवा धरतात. अशा सुतकात धाकटी जाऊ परक्या घरी सणाचा स्वयंपाक करायला निघाली, म्हणून काय काय बोललं गेलं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. लातूरहून आलेल्या चुलतसासूबाई तर दारातच आडव्या आल्या. "घरात दिवा जळायलाय, अन् तू कुठं निघालीस ग नटून?" नटून म्हणजे धुतलेली साडी, ताई. तेव्हा आतून दादा बोलले. तुम्ही गेल्यापासून त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"जाऊ द्या तिला. मंगलनं शब्द दिलाय त्या माणसाला."

खरं तर वांगसाहेबांच्या बाजूनंही मला बंदीच होती. चिनी लोकांत ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरच्यांनी नव्या वर्षाच्या दिवसांत दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नसतो. मरणाचा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. हे आपल्याला वांगसाहेबांनीच शिकवलं होतं. म्हणजे दोन्ही घरचे देव माझ्यावर डोळे वटारून बसलेले. म्हणून कंपनीच्या ॲडमिनमधल्या सचिनला मी आधीच फोन करून ठेवला होता, की ताईचं सण होईपर्यंत कुणाला सांगू नको. तो बिचारा सुटल्यासारखा "बरं, बरं" म्हणाला.

तरी गेले. शब्द तुम्ही जेवणाचा दिला होता, पण मला जेवणासाठी जायचं नव्हतं. तुमचा एक प्रश्न त्या घरात अडकून राहिला होता. आपल्या हातून त्या माणसाची आई गेली का, हा प्रश्न तुम्ही इतकी वर्षं गिळून बसला होता. आणि या खेपेला विचारणार होता.

ते वर्ष आठवतं मला. साथीचे दिवस, विमानं बंद, वर सरहद्दीवर जे झालं त्याच्या बातम्या टीव्हीवर दिवसरात्र. चाकणच्या कंपनीत मशिनी बसवायला आलेले चार चिनी इंजिनिअर प्राधिकरणातल्या त्या बंगल्यात अडकलेले. सकाळी काळ्या काचांची गाडी त्यांना न्यायची, संध्याकाळी आणून टाकायची. बाकी पडदे बंद. घरमालकानं जागा सोडा म्हणून निरोप धाडलेला. गल्लीत कुणीतरी फाटकावर शाई फेकून गेलं होतं, ती आपण दोघींनी रॉकेलनं पुसली. आपल्या चाळीतसुद्धा बायका विचारायच्या, की तुम्ही त्यांच्या हातचे पैसे कसे घेता. तुम्ही म्हणाला होता, "पोटाला भाकर घालायलोय, बंदूक न्हाई दिली हातात." तेवढ्यावर तो विषय तुम्ही मिटवला होता. रात्री झोपेत मात्र दात खायच्या, हे मला माहीत आहे. एका भिंतीआड तर झोपत होतो आपण.

त्या चौघांत वांगसाहेब थोरले. पन्नाशीचे, टक्कल पडत चाललेले, मोजकं हिंदी बोलणारे. भरली वांगी करताना तुम्ही त्यांच्याकडं बघून हसायच्या आणि त्यांना वाटायचं भाजी चांगली झालीय म्हणून हसताय. त्यांना घरी जायला मिळणार नाही हे नक्की झालं, तेव्हा त्यांनी आपल्याला हातवारे करून, फोनवर चित्रं दाखवून त्यांचा सण शिकवला. आधी घर कोपऱ्याकोपऱ्यातून झाडायचं. मग वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडू लपवून ठेवायचा, नाहीतर आलेली लक्ष्मी बाहेर लोटली जाते. हे ऐकून तुम्ही मांडीवर थाप मारली होती. दिवेलागणीला केर काढला म्हणून मला किती वेळा बोलणी बसली आहेत तुमची. "बघ रेखा, चीनमधी पण म्हायती हाय. तुला न्हाई."

लाल कागद दाराबाहेर लावायचे असतात, ते कंपनीनं सांगितल्यामुळं आतल्या बाजूनं लावले. पण तुमचा जीव जडला तो चुलीच्या देवावर. गॅसच्या शेगडीवरच्या टाइल्सना चिकटवलेला, दाढीवाला, कागदी. हा वर्षभर चुलीपाशी बसून घरातलं सगळं बघतो आणि वर्ष संपता संपता स्वर्गात जाऊन सांगतो. म्हणून निघायच्या दिवशी त्याच्या ओठांना तिळाचा चिकट गोड पदार्थ लावायचा, म्हणजे तो गोडच बोलेल, किंवा तोंड चिकटून गप्प तरी बसेल. मग तो कागद जाळायचा आणि सणाच्या दिवशी नवा लावायचा. तुम्ही लगेच पिशवीतून संक्रांतीचा तीळगूळ काढला, चमचाभर पाण्यात विरघळवला आणि देवाच्या तोंडाला असा फासला की त्याच्या मिशा गेल्या. वांगसाहेब इतके हसले की खोकला लागला. त्या घरात कुणी मोठ्यानं हसलेलं आपण बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं.

मग तो दिवस आला. त्यांची वर्षाची शेवटची संध्याकाळ म्हणजे आपली अवस. तुम्ही सकाळपासून कुरकुरत होता, की अवसेला कुणी सणाचं ताट करतं का. मासा आख्खा ठेवायचा होता, डोक्याशेपटासकट. त्याचे डोळे बघून तुम्ही त्यावर कोथिंबीर टाकली. मोदकासारख्या त्या पिठाच्या पुड्या सगळ्यांनी एकत्र बसून वळल्या आणि तुमच्या मुरडीसमोर चौघांनी हात टेकले. त्यांच्या घड्याळानं तिकडं जेवणाची वेळ झाली, तेव्हा इकडं ऊन अजून खिडकीत होतं. बाहेर फाटकाशी दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. पोरं नुसतीच बघत उभी होती. ल्यू म्हणून जो धाकटा इंजिनिअर होता, त्यानं उठून पडदा ओढला. सगळे टेबलाशी बसले आणि कुणीच खायला सुरुवात करेना.

तुम्हाला ते सहन झालं नाही. अवस, बाहेर उभी पोरं, आत एवढी भेदरलेली माणसं, आणि देवापुढं साधी उदबत्ती नाही. तुम्ही पुडा काढला. उदबत्तीचं घर त्या बंगल्यात कुठलं असणार? केळंही नव्हतं. मग तुम्ही गरम भाताचा वाडगा भरला, त्यात दोन उदबत्त्या उभ्या रोवल्या, पेटवल्या, हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि घरातलं थोरलं माणूस म्हणून नेऊन वांगसाहेबांपुढं ठेवला. वर हात जोडून म्हणालात, "सगळं चांगलं होईल बगा."

ते मला अजून दिसतं, ताई. ल्यूच्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली पडल्या. एकजण उठून अर्धवट उभा राहिला. वांगसाहेबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मला काही कळलं नाही, पण काहीतरी भलतंच झालंय एवढं कळलं आणि मी वाडगा उचलायला पुढं झाले. वांगसाहेबांनी माझा हात बाजूला केला. जोरात नाही, पण केला. मग तो वाडगा स्वतःकडं ओढला, उठले आणि तो घेऊन मागच्या गॅलरीत गेले. दार लावून घेतलं. परत आले तेव्हा जेवण थंड झालं होतं. त्यांनी एक घास खाल्ला नाही.

ओट्याशी आपण दोघी उभ्या होतो, तेव्हा ल्यू आत आला आणि फोन तोंडाशी धरून काहीतरी बोलला. फोनमधल्या बाईनं हिंदीतून सांगितलं, की भातात उभी उदबत्ती आमच्यात फक्त मेलेल्या माणसाला लावतात. जिवंत माणसापुढं ठेवली तर त्याच्या घरात कुणी जातं. बाईचा आवाज कसा, बसमध्ये पुढचा थांबा सांगतात तसा. तुम्ही शेगडीवरच्या नव्या देवाकडं बघितलं आणि गॅसचा खटका बंद केला.

पुनवेला त्यांचा सण संपतो. त्या दिवशी तांदळाच्या पिठाचे गोड गोळे उकळायचे असतात, ते आपण करत होतो. ल्यू येऊन म्हणाला, वांगसरकी माँ नहीं रही. वांगसाहेबांनी त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. कधी, कशानं, काही नाही. तुमच्या हातातला गोळा पाण्यात पडला आणि उकळतं पाणी मनगटावर उडालं. त्याचा डाग तुम्हाला शेवटपर्यंत होता. शेजारणी विचारायच्या तर तेल उडालं म्हणायच्या.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते आजही संपलेलं नाही. निगडीच्या थांब्यावर बसची वाट बघताना मी म्हटलं होतं, ताई, त्यांना एकदा सरळ विचारा. चुकून झालं म्हणा. तुम्ही म्हणालात, "अन्न म्होरं ठिवलं, उदबत्ती लावली. ह्यात माझं चुकलं काय?" मी म्हटलं, चुकलं नाही तर मग तोंड का लपवताय? तुम्ही बस आली तरी चढला नाहीत. मी एकटी चढले आणि पुढच्या थांब्यावर उतरून परत आले. तुम्ही तिथंच बसला होता. म्हणालात, "रेखे, त्या माणसाला आईचं तोंड बगाय मिळालं न्हाई. अन् मी त्याला आदीच घास ठिवला."

चिडायचे मी तुमच्यावर. असल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, तुम्हालाही माहीत होतं. म्हातारी बाई, साथीचे दिवस, त्यात उदबत्तीचा काय संबंध, असं मी शंभरदा सांगितलं असेल. तुम्ही मान हलवायच्या आणि त्या घरात पुन्हा कधी उदबत्ती लावायच्या नाहीत. उरलेला पुडा वरच्या फडताळात डब्यामागं सारून ठेवला होता. दसऱ्याला, दिवाळीला मी काढायला गेले तर म्हणायच्या, राहू दे. आणि वांगसाहेबांपुढं मात्र काहीच झालं नाही असा चेहरा. त्यांच्या ताटात मासा जरा मोठा. त्यांचा चहा आधी. मला त्या मोठ्या तुकड्याचा राग यायचा, कारण मागायची होती माफी आणि तुम्ही वाढत होता मासा.

पुढं ते परत गेले. दुसरे आले, तेही गेले. यंदा दिवाळीनंतर गाडीतून वांगसाहेब उतरले तेव्हा उरलेले केस पांढरे झालेले. तुम्हाला बघून त्यांनी दोन्ही हात जोडले, आपल्यासारखे. मला वाटलं, आता तरी बोलाल. तुम्ही विचारलं, चाय?

पण तुम्ही ठरवलं होतं. परवापरवा देवाच्या ओठांना तीळगूळ लावायचा दिवस आला, तेव्हा या खेपेला तुम्ही एकदा लावला, मग थांबून पुन्हा लावला. कागद ओलाचिंब. मी विचारलं, किती गोड करताय त्याला? तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "वर जाऊन काय काय सांगंल कुणाला ठावं." मग गॅस पुसता पुसता म्हणालात, की सणाच्या दिवशी जेवण झालं की विचारते त्यांना. उपाशी माणसाला काय विचारायचं. मी म्हटलं, मी फोन धरते, तुम्ही बोला. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, तुमच्या लेकीचा बारावीचा निकाल लागायचा होता त्या सकाळी.

आणि मग तुम्ही गेलात. त्याच आठवड्यात, भांडी घासून हात पुसता पुसता. मी त्याबद्दल काही बोलणार नाही. माझा तुमच्यावर राग आहे त्याचा, एवढंच सांगते. एवढी वर्षं थांबलात, चार दिवस अजून थांबायला काय झालं होतं?

तर आज मी एकटी त्या ओट्याशी होते. शेगडीवर नवा देव लागलेला, कोरा करकरीत, ओठ कोरडे. त्याच्याकडं पाठ करून काम करावं तर शेगडी तिकडंच. मनात एकच, की तुमचा प्रश्न विचारायचा आणि तुम्ही गेल्याचं मात्र कळू द्यायचं नाही. दोन्ही एकाच तोंडानं कसं करायचं? मुरड माझ्या हातून नीट पडेना. दोन पुड्या उकळताना फुटल्या. फुटल्या म्हणायचं नसतं त्या दिवशी, म्हणून मी त्या गुपचूप तोंडात टाकल्या आणि जीभ भाजून घेतली.

वांगसाहेबांसोबत यंदा तिघं नवे आहेत, पोरसवदा, हसतमुख. पडदे उघडे, लाल कागद दाराबाहेर, चेअरमनसाहेबांकडं पाठवलेली मिठाई. काहीच तेव्हासारखं नव्हतं. मी पाच जणांची मांडामांड बघितली आणि थबकले. माणसं चारच. पाचव्या जागेवर वाडगा, काड्या, छोटा पेला. एक पोरगा हौसेनं सांगायला लागला, की जो घरचा माणूस या दिवशी येऊ शकला नाही त्याची ही जागा असते. वांगसाहेबांनी माझ्याकडं बघून खुर्चीवर हात ठेवला. "मंगलताई."

ताई, मी स्वयंपाकघरात पळाले. नळ सोडून उभी राहिले. परत येणाऱ्या माणसासाठी मांडलेली जागा ती, आणि मीच सांगितलं होतं "आयेगी". बाहेर त्यांचं हसणं चाललेलं. आत्ता जाऊन सांगावं तर सण नासवला असं होणार, आणि न सांगावं तर तुमचा वाडगा तिथं वाट बघत बसणार. मी बाहेर आले, वाढलं, मासा मधोमध ठेवला. वांगसाहेबांनी सगळ्यांत आधी त्या पाचव्या वाडग्यात भात घातला, आणि माशाचा तुकडा. मोठा.

जेवण झालं. पोरं फोनवर घरच्यांशी बोलायला हॉलमध्ये गेली. मी टेबल आवरायला घेतलं आणि मनात वाक्य जुळवायला लागले. साहब, एक बात पूछनी थी. तेवढ्यात वांगसाहेब माझ्या मागून ओट्यापाशी गेले, टाचा उंचावून वरच्या फडताळात हात घातला आणि डब्यामागून तुमचा पुडा काढला. तो तिथं आहे हे त्यांना माहीत होतं. मग तुमचा वाडगा उचलला आणि मला खुणेनं गॅलरीत बोलावलं. दार लावून घेतलं.

कठड्यावर वाडगा ठेवून त्यांनी भातात उदबत्ती उभी रोवली. जुनी, वास उडालेली. पेटता पेटेना. लायटर तीनदा विझला आणि मी दाराकडं मागं सरले, कारण भातातली उदबत्ती कुणासाठी असते हे मला ल्यूच्या फोननं सांगितलेलं होतं. उदबत्तीचं टोक लाल झालं तेव्हा ते तिच्यापुढं वाकले. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा बराच वेळ.

"साहब, आपको किसने बताया?" मी विचारलं. सचिननं सांगितलं असणार असंच मला वाटलं.

त्यांनी मान हलवली. खिशातून फोन काढला, बराच वेळ भाषा शोधत बसले आणि मग बोलले. या खेपेला फोनमधली बाई मराठीत बोलली. पुस्तकी, एकेका शब्दावर अडखळत. "कोणी सांगितले नाही. तुम्ही म्हणालात, ती येईल. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही. एकदा याच घरात मीही असेच सांगितले होते. माझ्या मित्रांनी विचारले, आई कशी आहे. मी म्हणालो, झोपली आहे."

मला वाटलं फोन काहीतरी उलटसुलट बोलतोय. मी म्हटलं, कब? त्यांनी पुन्हा फोन तोंडाशी धरला.

"त्या जेवणाच्या आधी. सकाळी फोन आला होता. सणात असे सांगत नाहीत. सर्वजण घाबरलेले होते, त्यांच्याकडे सणाचे हे एकच जेवण होते. म्हणून मी पौर्णिमेपर्यंत सांगितले नाही. या दिवशी आम्ही गेलेल्यांनाही जेवायला बोलावतो, वेगळ्या जागी. पण मी तिच्यासाठी काही मांडू शकत नव्हतो. सर्वांना कळले असते. मग मंगलताईने माझ्यासमोर भात ठेवला. उदबत्ती लावली."

मी कठडा धरला. आधी. ताई, आधी. तुम्ही वाडगा भरलात तेव्हा ती बाई जगात नव्हती. सकाळपासून तो माणूस पिठाच्या पुड्या वळत होता, तुमच्या मुरडीचं कौतुक करत होता, आणि पोटात ते घेऊन बसला होता. मग त्याच गॅलरीत, त्याच कठड्याशी त्यानं तो वाडगा ठेवून आईला नमस्कार केला होता. आपण दोघी ओट्याशी उभ्या राहून त्याला शाप समजत होतो.

"ताईको क्यों नहीं बताया?" मी ओरडलेच असेन, कारण हॉलमधली पोरं गप्प झाली. "वो इतने साल..." पुढचं हिंदी मला आलं नाही. मग मराठीतच बोलले, जेवढं आठवलं तेवढं. थांब्यावरचं, मनगटावरचं, पुडा मागं सारल्याचं, देवाच्या ओठांना दोनदा लावलेल्या तीळगुळाचं. फोन त्यांच्या हातात होता. त्याला किती कळलं आणि त्यानं त्यांना काय सांगितलं देव जाणे. पण ऐकता ऐकता वांगसाहेब खाली बसले, फरशीवर, भिंतीला टेकून. उदबत्तीची राख भातावर पडली.

मग फोनमधली बाई म्हणाली, "मला वाटले, तिला कळले होते. माझा चेहरा पाहून कळले. म्हणून तिने ठेवली. म्हणून मी कधी बोललो नाही. जिला कळते तिला काय सांगायचे."

तो समजत होता तुम्हाला सगळं कळलंय, आणि तुम्ही समजत होता तुमच्यामुळं झालंय. एका घरात, एका टेबलाच्या दोन बाजूंना, तुम्ही मोठा तुकडा वाढत होता आणि तो हात जोडत होता. मी मध्ये उभी राहून तुम्हाला माफी मागा म्हणून टोचत होते. मला हसायला यायला लागलं, ताई, आणि ते रडण्यावर गेलं. मी डोक्यावरचा स्कार्फ काढला आणि त्यातच तोंड खुपसलं. वांगसाहेबांनी माझ्याकडं न बघता माझ्या खांद्यावर दोन वेळा थोपटलं, दादा थोपटतात तसं, जरा चुकीच्या जागी.

निघताना तो भात त्यांनी मला पानात बांधून दिला. आपल्यात तो कुणाला घालतात हे त्यांनी विचारलं आणि मी वर, तारेवर बसलेल्या कावळ्याकडं बोट दाखवलं. त्यांना ते पटलं असावं. चुलीच्या देवाकडं मी निघता निघता एकदा पाहिलं. वर्षभरानं वर जाऊन काय सांगायचं ते सांगू दे त्याला. यंदा मी त्याच्या तोंडाला काही लावणार नाही.

घरी आले तेव्हा टीव्हीवर कुणाच्या तरी घरी सातच्या बातम्या लागल्या होत्या. चुलतसासूबाईंनी मला दारातच थांबवून पायावर पाणी घातलं. दादा दिव्यापाशीच होते. मी त्यांना सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. त्यांनी मनगटावरच्या डागाचं ऐकलं तेव्हा मान वर केली. तो डाग तेलाचा आहे असंच त्यांनाही वाटत होतं. मग दिव्याकडं बघत म्हणाले, "मला काय सांगायलीस? तिला सांग की."

म्हणून मी तुमच्यासमोर बसले. वात पुढं सारली, तेल घातलं. आयुष्यभर तुमच्यापुढं आवाज चढवला तो भांडायलाच. आज चुलतसासूबाईंना, शेजारणींना, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा चढवला.

ती आधीच गेलेली होती, ताई. तुम्ही तिला जेवू घातलंत.